आबांचं आमेन
भिजवलेल्या पोह्यांत गूळ-खोबरं आणि वेलदोड्याची पूड पडली, की त्या वासासरशी मला शाहूपुरीतल्या एक ज्यू आजी आठवतात. मराठी ज्यू घरांतल्या प्रार्थनांवर मी पीएच.डी. केली, ती त्यांच्याच तोंडून ऐकून. पदवी मिळाल्याचं सांगायला गेले, तेव्हा कोडोलीहून आलेले माझे वडील, आबा, सोबत होते. आजींनी त्याच पोह्यांचा मलिदा करून ठेवला होता. डोक्यावर पदर घेऊन त्या माझ्यासाठी हिब्रूत आशीर्वाद म्हणू लागल्या आणि मध्येच थांबल्या. "मुलं इस्राएलला गेली, आता घरात आमेन म्हणायला कुणी नाही." मला सगळं पाठ होतं, तरी परक्यानं ते म्हणावं का, या संकोचानं मी गप्प राहिले. आबांनी विचारलं, "आमेन म्हंजे काय वो, मावशी?" "असंच होवो." "मग आमी म्हणतो की," म्हणत त्यांनी टोपी सारखी केली आणि शेताच्या बांधावरून हाक मारावी तसं आमेन म्हटलं. आजींनी हसत डोळे पुसले आणि पुढची ओळ धरली. या वेळी मीही आबांच्या आवाजात आवाज मिसळला. आजी आता नाहीत. वर्गात ती प्रार्थना शिकवताना मी मुलांना आधी आमेन म्हणायला लावते, तेही मोठ्यानं.