चादरबाईंच्या तोंडचे शब्द

इस्पितळात धुऊन आलेल्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे जिथे घड्या करून ठेवतात, त्या खोलीचा कारभार त्यांच्याकडे होता. म्हणून सगळे त्यांना चादरबाई म्हणत. निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं. जीभ अशी तिखट, की झग्यावर शाई सांडणारा मोठा डॉक्टरही त्यांच्यासमोर चळचळा कापायचा.

एकदा बाळंतिणींच्या वॉर्डातली नर्स उशांचे अभ्रे न्यायला आली, आणि बाईंना तो शब्दच आठवेना. "ते... उशीचं झबलं घेऊन जा ना," त्या म्हणाल्या. नर्स खो-खो हसली. बाईही हसल्या, पण नर्स गेल्यावर तो शब्द स्वतःशी शोधत राहिल्या. त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी शब्द गेले, मग माणसं. शेवटी पोटच्या मुलीलाच ती विचारायची, "तुम्ही कोण हो?"

तेव्हापासून बाईंनी बोलणंच आवरतं घेतलं. तोंड उघडलं नाही तर चूक कुणाला कळणार?

नवरा घरीच असायचा. ते बस डेपोत मेकॅनिक होते, नुकतेच निवृत्त झालेले. हाताला काम नाही म्हणून त्यांनी बिजागऱ्यांना तेल घातलं, स्वयंपाकघरातले डबे नव्याने लावले. बायको गप्प बघून तेही हळूहळू गप्प झाले. जेवताना ताटावाटीचा तेवढा आवाज.

मग एका सकाळी ते फिरायला गेलेले असताना बाई दूध पेटत्या गॅसवर तसंच ठेवून कामावर गेल्या. संध्याकाळी येऊन बघतात तर नवरा काळंठिक्कर पातेलं घासत बसलेला. बाईंचा बांध फुटला.

"अहो, मला आईसारखं होतंय."

त्यांच्या हातातली घासणी तशीच राहिली. "म्हणून बोलत नव्हतीस? मला वाटलं, दिवसभर घरात बसलेला मी तुझ्या डोळ्यांत खुपतोय. परवा रखवालदाराची नोकरी विचारून आलो मी."

बाईंना रडता रडता हसू फुटलं. "डबे हलवल्याचा राग आहेच. तो वेगळा."

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी बरंच विचारलं, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, रक्त तपासलं. "पायाला मुंग्या येतात?"

"येतात. दिवसभर उभी असते ना."

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं बी-ट्वेल्व्ह फार कमी झालंय. त्यानेही असं विसरायला होतं. आईंच्या आजाराची लक्षणं मला आज तरी दिसत नाहीत. इंजेक्शनं घ्या, मी पुन्हा तपासेन."

"नक्की ना?" नवऱ्याने विचारलं. दारापर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा विचारलं.

बाहेरच्या बाकावर दोघं नुसतीच बसून राहिली. बाईंचा जीव भांड्यात पडला होता.

पुढे इंजेक्शनं लागू पडली. शब्द एकदम नाही, पण सवडीने परत आले. अडलाच एखादा, तर बाई सरळ विचारायच्या, "अहो, त्याला काय म्हणतात?" मेकॅनिकना तोच शब्द आठवायचा नाही. मग दोघं मिळून शोधत बसायची.

"निवृत्त झाले की पोहायला शिकणार आहे मी," एका संध्याकाळी त्या म्हणाल्या.

"या वयात? बरं, मी काठावर बसेन."

"काठावर कशाला? पाण्यात या!"