विमलच्या शेतातली वाट

वर्धा स्टेशनवर मला घ्यायला कुणी आलं नव्हतं. विमलनं फोनवर सांगूनच ठेवलं होतं, "मले घर सोडता येत नाई. तू एसटीनं आर्वीला ये, तिथून आष्टीची गाडी धर." रत्नागिरीहून इतक्या लांब मी एकटी पहिल्यांदाच निघाले होते. खिडकीबाहेर पऱ्हाटीची (कपाशीची) शेतं, मग संत्र्याच्या बागा, मग पुन्हा पऱ्हाटी. समुद्राची सवय असलेल्या डोळ्यांना टेकायला जागा सापडेना.

विमल आणि मी पुण्याच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलेल्या. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावरही ती आष्टीजवळच्या तिच्या गावातच राहिली, एकटीच. तिच्या शेतामागे गवताची टेकडी आहे. ती वन्यप्राण्यांसाठी राखीव करावी असा वनखात्याचा प्रस्ताव आहे आणि गावात त्याच्या बाजूनं बोलणारी फक्त विमल.

जेवायला आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी होती. "आधी शेजारून ताक यायचं," ती म्हणाली. "आता कोनी येत नाई."

"काऊन?" 'का' विचारायला मी तिचाच शब्द वापरला. ती हसली नाही.

टेकडीवरून रानडुकरं उतरतात आणि चन्याची (हरभऱ्याची) शेतं उकरतात. त्यांना मारायची परवानगी शेजारच्या देवरावांनी वनखात्याकडून काढली होती. पण वर जायची वाट विमलच्या शेतातून जाते आणि तिनं फाटकाला कुलूप घातलं होतं. कुणी ते तोडू नये म्हणून ती घर सोडून लांब कुठं जात नव्हती.

संध्याकाळी तिनं मला टेकडीवर नेलं. गवत कमरेएवढं. माझी साडी कुसळांनी भरली, पाय घसरून मी एकदा बसलेसुद्धा. वर एक रोही (नीलगाय) आमच्याकडे बघत उभी होती. "इथं कोनाशी बोलायले नसलं तरी चालते," विमल म्हणाली. मी कुसळं काढत राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत ग्रामसभा भरली. विमल चांगलं बोलली. गवत, तित्तिर, ससे, मुरणारं पाणी. लोक शांतपणे ऐकत होते. मग देवरावांची बायको कौसाबाई उठली आणि तिनं पदराखालून उजवा हात काढला. डुकरानं धडक दिल्यापासून त्या हाताची बोटं मिटत नाहीत.

"बाई, तुमी माह्या पोरीले शिकवलं. तुमचं खोटं नाई. पण मले भाकर थापता येत नाई. मंग मी काय करू, सांगा."

मग हात वर करून मतं घेतली. प्रस्तावाच्या बाजूनं एकच हात वर झाला, तिचा. भिंतीशी बसलेल्या माझ्यासारख्या पाहुणीला तिथं मत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी विमल किल्ली घेऊन फाटकाशी गेली. देवराव कुत्री आणि परवानावाला बंदूकधारी घेऊन आले होते.

"पायथ्याशीच थांबजा," ती म्हणाली.

"कुत्र्याले हद्द कुठं समजते, बाई?"

"तुमाले तं समजते ना?"

देवरावांनी मान खाली घातली. विमलनं फाटक उघडलं.

आम्ही ओट्यावर बसलो. भुंकणं आधी चन्यात होतं, मग गवतात शिरलं, मग वर वर जाऊ लागलं. तिच्या हातातला चहा गार झाला. एक बार ऐकू आला. त्यानंतर कितीतरी वेळ एकही तित्तिर बोलला नाही.

परतताना आर्वीच्या गाडीत कौसाबाई माझ्या शेजारी येऊन बसली. दवाखान्यात निघाली होती. मग म्हणाली, "बाई रातच्याला एकट्याच असतात. वाटते, जाऊन बसावं जराशी. पण कोन्या तोंडानं जाऊ?"

"तिनंच फाटक उघडलं ना," मी म्हटलं.

"म्हनूनच तं," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

प्रवासात माणसं भेटतात, असं आपण सहज म्हणतो. मला त्या गावात दोन बायका भेटल्या. एका कुंपणाच्या अल्याड-पल्याड, दोघींचंही म्हणणं खरं, आणि दोघीही एकट्या. विमलचा फोन अधूनमधून येतो. प्रस्ताव अजून कागदावरच आहे, ती सांगते. कौसाबाई कधी येऊन बसली का, हे दर वेळी माझ्या ओठांवर येतं. नाही म्हणाली तर पुढे काय बोलायचं, ते सुचत नाही. म्हणून मी इथल्या पावसापाण्याचं सांगत राहते.