कागदावरचा राजीनामा

रविवार, १८ मे १९९७, सकाळी दहा. पळसदेवजवळची आमची वस्ती. हजर: सासरे, सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, हे आणि मी. आमची मुलगीही आली होती, पण ती आत झोपली होती, म्हणून तिला धरले नाही.

ही नोंद माझ्या वहीतली आहे. मी बारामतीच्या एका हायस्कुलात क्लार्क. कागद जिथल्या तिथे ठेवायची सवय नोकरीने लावली की नोकरीत येण्याआधीच होती, ते आता सांगता येत नाही. त्या वर्षी मी आमच्या दोघांच्या निवृत्तीची आखणी करायला घेतली होती. वहीत दोन रकाने होते. माझ्या रकान्यात शाळेची पेन्शन आणि पगारातून कापला जाणारा फंड. ह्यांच्या रकान्यात बराच काळ नुसता फंड होता. हे इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात फिटर, नोकरीला बावीस वर्षं झालेली. दीड वर्षापूर्वी नवी योजना आली आणि कारखान्यातल्या माणसालाही अठ्ठावन्नाव्या वर्षापासून हयातभर पेन्शन मिळणार असं ठरलं. मागची नोकरीही त्यात धरली जाणार होती. मध्येच सगळे पैसे काढून नोकरी तोडली, तर मात्र मागची वर्षं पुसली जाणार. मी ह्यांच्या रकान्यात दुसरी ओळ लिहिली आणि खाली रेघ मारली.

वस्तीवरच्या बैठकीचं कारण वेगळं होतं. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागे सरकतं आणि माणसं मोटार आणि पाइप घेऊन त्याच्या मागे जातात. दिरांनी त्या वर्षी मेपर्यंत तीनदा मोटार हलवली होती. आता चार घरांनी मिळून खोल पाण्यापर्यंत कायमची पाइपलाइन टाकायचं ठरवलं होतं. आमच्या घरचा वाटा दिवाळीपर्यंत द्यायचा होता.

आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नाही. दीर ह्यांच्याकडे बघून बोलतात, मी सासूबाईंकडे बघून उत्तर देते. वेळ जास्त लागतो, पण भांडण होत नाही.

“तिला इचार, फंडातनं उचल मिळती का,” दीर ह्यांना म्हणाले.

“घर बांधायला मिळते, आजारपणाला मिळते, लग्नाला मिळते,” मी सासूबाईंना सांगितलं. “पाइपलाइनला मिळत नाही.”

“मंग पोरीच्या लग्नाची पत्रिका छापू. पन्नास छापल्या तरी बास.”

“आन् नवरदेव कुठनं आणायचा? छापखान्यातनं?” जाऊबाई म्हणाल्या.

आबा, म्हणजे माझे सासरे, खाटेवर बसून हे ऐकत होते. त्यांची सगळी उमर मेंढरांमागे गेली. “आमची पेन्शन वर्साला दोन बार कातरायची,” ते म्हणाले. “कातरून झाली की पुना उगवायची. सही न्हाय, फॉर्म न्हाय.”

“तुमचं बरं हाय, क्लार्कबाई,” जाऊबाई माझ्याकडे वळल्या. “एका घरात दोन-दोन पेन्शनी. आमच्या म्हशीनं दूध आटवलं की आमी रिटायर.”

मी हसले. त्यात खोटं काही नव्हतं.

तेवढ्यात हे म्हणाले, “पत्रिका छापायची गरज न्हाय. मी शुक्रवारी राजीनामा दिलाय.”

हा राजीनामा खरा नसतो. आमच्या भागातल्या कारखान्यांवर तेव्हा ही एक रीतच पडली होती. गाळप संपलं की राजीनामा द्यायचा, नियमाप्रमाणे दोन महिने थांबायचं, सगळा फंड काढायचा आणि पुढचा हंगाम सुरू झाला की त्याच कारखान्यात, त्याच पाळीत, नवा कामगार म्हणून लागायचं. पाना तोच आणि यंत्रही तेच, फक्त खात्याचा नंबर नवा. पूर्वी ह्यात कुणाचं काही जात नव्हतं. नव्या योजनेनंतर जाणार होतं, पण रीत बदलली नव्हती.

मी वहीत लिहिलं: “१६ मे, राजीनामा. मला विचारले नाही.” मग जाऊबाईंबरोबर भाकरी करायला गेले.

परतीच्या एसटीत मी ह्यांना एवढंच म्हटलं, की बावीस वर्षं जातील, पुढची चौदाच उरतील.

“कळतंय मला,” हे म्हणाले. “म्हातारपणी तंबाखूला तुझ्या पेन्शनीतनं पैसं मागायची पाळी येईल. ती नको वाटती. पर दादानं कोकरं इकून माझी आयटीआयची फी भरली. सोता मेंढरामागं ऱ्हायला. त्याला न्हाय म्हणणं माझ्यानं हुत न्हाय.”

मी रजा टाकून सोमवारी ह्यांच्याबरोबर कारखान्यावर गेले. टाइम ऑफिसातले टाइमकीपर सज्जन गृहस्थ होते. त्यांनी राजीनाम्यांचा गठ्ठाच काढून दाखवला. “वहिनी, अजून वर पाठवला नाही. साहेब म्हणत असतील तर आत्ता फाडतो.”

साहेब, म्हणजे आमचे हे, खिडकीबाहेर बघत राहिले. टाइमकीपरांनी गठ्ठा परत कपाटात ठेवला.

फंड वाचत नव्हता. मग पेन्शनची वर्षं तरी वाचतात का, हे मी बघायला लागले. शाळेत फंडाचे कागद माझ्याकडेच असत, म्हणून कुठे विचारायचं ते ठाऊक होतं. दोन पत्रं लिहिली, एकदा पुण्याला जाऊन आले. उत्तर सोपं निघालं. फॉर्म दोन असतात, एक फंडाचा आणि एक पेन्शनचा. पेन्शनच्या फॉर्मात विचारलेलं असतं: पैसे हवेत की केलेल्या नोकरीचा दाखला? दाखला मागितला तर बावीस वर्षं जमा राहतात. ती पुढच्या नोकरीला जोडून घेता येतात.

जुलैत फॉर्म भरायची वेळ आली. हे माझ्या आधीच इंदापूरला जाऊन आले होते. तिथे कचेरीबाहेर टेबल टाकून फॉर्म भरून देणारे एक जण बसत. त्यांनी दोन्ही फॉर्मांत ‘पैसे’ असं लिहून टाकलं होतं. मी विचारायला गेले, तर ते माझ्यावरच चिडले.

“बाई, शेकड्यानं फॉर्म भरलेत मी. आजवर एकानं दाखला मागितला न्हाय. दाखला काय चुलीत घालायचा?”

“कोरा फॉर्म द्या,” मी म्हटलं.

त्यांनी दिला. भरायची मजुरी मात्र परत दिली नाही.

नवा फॉर्म मी स्वतः भरला. ह्यांनी सही करताना तो वाचला नाही. मी वाचायला लावला, मग परत सही करायला लावली. सप्टेंबरात फंड आला आणि त्याच आठवड्यात वस्तीवर पोचता झाला. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि हे नवे कामगार म्हणून जुन्या कामावर रुजू झाले. पुढच्या उन्हाळ्यात दिरांची मोटार एकाच जागी राहिली. ते ह्यांना म्हणाले, “तिला म्हणावं, पाणी आलं.” मी सासूबाईंना म्हटलं, “बरं झालं.”

दाखला संक्रांतीच्या सुमारास टपालाने आला होता. ह्यांचं नाव, आबांचं नाव, कारखान्याचं नाव आणि नोकरीची बावीस वर्षं, सगळं बरोबर होतं. आता तो कारखान्यात देऊन जुनी नोकरी नव्या खात्याला जोडून घ्यायची, एवढंच काम उरलं.

तिथे गाडी अडली. कारखान्याच्या कागदांवर हे नवे कामगार. नव्या कामगाराने त्याच कारखान्यातल्या बावीस वर्षांचा दाखला पुढे केला, तर राजीनामा कसला होता ते उघड होणार, आणि एकट्या ह्यांचाच नाही, त्या गठ्ठ्यातल्या सगळ्यांचा.

“जरा दमानं घ्या, वहिनी,” टाइमकीपर म्हणाले. “हंगाम संपू द्या.”

हंगाम संपला. मग म्हणाले, ऑडिट होऊ द्या. ऑडिट झालं. त्यानंतर आणखी एक हंगाम गेला.

आता १९९९ संपत आलं आहे. मी दाखल्याच्या तीन झेरॉक्स काढून त्या तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. टाइमकीपर येत्या मार्चअखेर निवृत्त होणार आहेत. त्यांच्या जागी येणाऱ्या माणसाला हे खरंच नवे वाटतील, म्हणून हे काम त्याआधी व्हायला हवं. मी ह्यांना तसं सांगितलं. मागच्या सोमवारी त्यांनी मूळ दाखला पाकिटात घालून कामावर नेला आणि संध्याकाळी तसाच परत आणला.

“गर्दी हुती,” म्हणाले.

दाखला जमा करायचा राहिला आहे.