शिंपल्याचं नाव

काल गारखेड्याच्या घरी मोरीतल्या शहाबादी फरशीवर ॲसिड सांडलं. फसफसून फेस आला, झोंबरा वास नाकात गेला आणि मी थेट कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिले.

शेजारी माझी मैत्रीण, सोयगावची शोभा. नुकतंच लग्न झालेलं. सासरी ताटातल्या तांदळात तिचं नवं नाव लिहिलं होतं, वैष्णवी. त्या नावानं हाक आली की दुसऱ्याच कुणाला बोलावतायत अशी ती बघायची.

मॅडमनी आम्हाला एक दगड दिला. त्यात शिंपला स्पष्ट दिसत होता. चुनखडक समजून आम्ही ॲसिडचा थेंब टाकला, तर फेसच येईना.

"हा डोलोमाइट," मॅडम म्हणाल्या. "आधी चुनखडकच होता. लाखो वर्षं मॅग्नेशियमचं पाणी मुरत राहिलं. निम्मं कॅल्शियम गेलं, त्या जागी मॅग्नेशियम बसलं. आकार तेवढा राहिला."

शोभानं शिंपल्यावरून हळूच बोट फिरवलं. "मग मॅडम, ह्याला आता शिंपला म्हणायचं का नाय?"

आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. "म्हणायचं. नाव दगडाचं बदललंय, शोभा. शिंपल्याचं नाही."

पुढं माझ्याही लग्नात तांदळात बोट फिरलं. मंदाची मी अनघा झाले, आणि खरं सांगते, तेव्हा मला ते आवडलंही होतं. यंदा आई गेली. मंदा म्हणणारं घरात कुणी उरलं नाही.

मोरी तशीच टाकून मी शोभाला फोन लावला.

"बोल की गं मंदे," ती म्हणाली. मी नाक ओढलं.

"मंदे? रडतीस व्हय?"