छत्रीची काडी आणि गौरीची पेटी

माझ्या माहेरी, पेणला, बारीक कामाचं हत्यार विकत आणायची पद्धत नव्हती. बाबांचा गणपतीचा कारखाना होता. बोटं, नखं, सोंडेच्या वळ्या कोरायच्या कोरण्या ज्यानं त्यानं आपल्या हातानं बनवायच्या. बांबूची कामटी, सायकलची तार, जे हाताला बसेल ते. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी कारखान्यात बसू लागले. तिथे कुणाशी बोलावं लागत नसे, म्हणून मला ते फार आवडायचं.

लग्न होऊन रोह्याला आले आणि हातांचं ते काम गेलं. घरकाम होतंच, पण त्यात बोटांच्या टोकांना काही उद्योग नसतो. ह्यांची कंपनीत शिफ्ट. सासूबाई दुपारी शेजारी जाऊन बसायच्या, मलाही बोलवायच्या. पण चार बायकांत बसायचं म्हटलं की माझ्या तोंडचं पाणी पळायचं. एकदा माळा झाडताना एका डब्यात बिनचावीची जुनी कुलपं सापडली. पुसत बसले. पुसता पुसता केसांतला आकडा काढला आणि एकात घालून बघितला. आकडा वाकला. दुसरा घातला, तोही वाकला. मग काही मला चैन पडेना.

बाजारात एक चाचा बसायचे. पावसाळ्यात छत्र्या दुरुस्त करायचे, एरवी कुलपं आणि चाव्या. त्यांना कसं विचारायचं? मी घरातली छत्री घेऊन गेले आणि ती दुरुस्त होईपर्यंत त्यांचे हात बघत राहिले. आठवड्यानं दुसरी छत्री नेली. मग पुन्हा पहिली.

चाचा म्हणाले, "काय गो बाय, छत्री मोडते का तू मोडतेस?"

मी पिशवीतलं कुलूप काढून त्यांच्यासमोर ठेवलं. आत खुपसून वाकलेले आकडेही ठेवले. ते इतके हसले की शेजारचा भाजीवाला वळून बघू लागला.

"आकड्यानं केस धरायचे. त्यात जीव नाय, एकदा वाकला की वाकलेलाच राहतो. ही बघ." त्यांनी मोडक्या छत्रीची एक काडी वाकवून सोडली. ती टण्णकन सरळ झाली. "वाकून परत येते ना, तीच कामाची."

त्यांनी एक निकामी कुलूप बाजूनं घासून आतलं दाखवलं. ओळीनं बारीक पितळी पिना, प्रत्येकीच्या डोक्यावर एक स्प्रिंग. चावीचे दाते त्या पिनांना नेमकं हवं तेवढं उचलतात, म्हणजे कुलूप फिरतं. चावी नसली की दोन हत्यारं लागतात. एक फिरवायला, एक उचलायला. मी आजवर एकाच आकड्यानं दोन्ही करू बघत होते.

"मोठं लिव्हरचं कुलूप नको घेऊ, रडशील. हे लहान पिनांचं घे," ते म्हणाले. आणि मग हसू आवरून, "दोन गोष्टी. आपलं कुलूप उघडायचं, नायतर ज्याचं हाय तो सांगेल तेव्हा. आणि दारा-पेटीला लावलेल्या कुलपावर शिकायचं नाय. बिघडलं म्हणजे घराबाहेर बसशील."

घरी आल्यावर मी बाबांच्या कारखान्यातल्यासारखी हत्यारं करायला लागले. छत्रीच्या काडीचे तुकडे पाट्याच्या तुटक्या कडेवर घासायचे, पाणी मारत. ह्यांनी कंपनीतून लोखंड कापायचं तुटकं पातं आणून दिलं, त्याचीही एक काडी केली. एकीचं टोक वर वळलेलं, एकीचं अर्धगोल, एकीला लाटांसारखे उंचवटे. बघायला फार सुंदर. कापडाच्या पट्टीला कप्पे शिवून त्यात ती ओळीनं लावली. फिरवायचं हत्यार मात्र चाचांनी दिलेल्या गजराच्या घड्याळाच्या स्प्रिंगचं. त्या पट्टीचं टोक चुलीत लाल करून काटकोनात वाकवलं.

इतकी हत्यारं केली आणि कुलूप काही उघडेना. मी प्रत्येक खेपेला वेगळी काडी घ्यायचे. शेवटी कंटाळून एकच धरली, टोकाशी जराशी वळलेली, आणि हत्यार बदलायचं नाही असं ठरवलं. तेव्हा कळलं की चूक काडीची नव्हती, माझ्या डाव्या हाताची होती. फिरवायच्या पट्टीवर मी फार जोर देत होते, त्यामुळे सगळ्या पिना एकदम आवळल्या जात होत्या. ओल्या शाडूवर बोट ठेवावं, ठसा उमटू नये, इतकंच दाबायचं. तसं दाबलं तर एकच पिन घट्ट लागते. तिला उचललं की बोटाला बारीकसं टिक् लागतं. मग पुढची शोधायची. पहिलं कुलूप माझ्या मांडीवर उघडलं तेव्हा मी एकटीच होते. ते पुन्हा लावलं आणि पुन्हा उघडलं.

ह्यांना ठाऊक होतं. "मी चोर पोसलाय घरात," म्हणायचे आणि कामावरून येताना भंगारातलं एखादं कुलूप खिशातून काढून हळूच माझ्यापुढे ठेवायचे. सासूबाईंना मात्र मी कळू दिलं नव्हतं. नवी सून कुलपं उघडते हे गावात गेलं असतं तर माझ्याशी कोण बोललं असतं, आणि त्यांच्याशी तरी? "दुपारची खुडबुड कसली गो? उंदीर झाले काय?" असं त्या विचारायच्या. "व्हय, असतील," एवढंच मी म्हणायचे.

त्या वर्षी गौरी यायच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी गौरीची पेटी खाली काढायला लावली. पत्र्याची पेटी, तिला पितळी लहान कुलूप. चावी देवघरात नाही, फडताळात नाही, त्यांच्या कमरेच्या जुडग्यातही नाही. शोधता शोधता त्या मध्येच थांबल्या आणि मटकन खाली बसल्या.

आमची गौर तेरड्याची. तेरड्याच्या जुडीला साडी नेसवायची, वर मुखवटा बसवायचा आणि घरची मालकीण म्हणून तिच्या कमरेला चावी अडकवायची. गेल्या वर्षी पेटीचीच चावी दोऱ्यात ओवून अडकवली होती. पाठवणीच्या वेळी मुखवटा आणि साडी काढून पेटीत ठेवली. कुलूप नुसतं दाबलं की लागणारं, चावीची आठवणही झाली नाही. तेरडा चावीसकट पाण्यात सोडून दिला. आणि वर्षभर पेटीला कुणी हात लावला नव्हता.

हे हातोडी घेऊन आले. सासूबाई पेटीवर हात पसरून आडव्या झाल्या. "हातोडी मारतोस? आत काय हाय, इसरलास?"

आत शाडूचा मुखवटा होता, बाबांच्या कारखान्यातला, सासूबाईंच्या सासूनं पेणहून आणलेला. पातळ पत्र्यावर घाव बसला असता तर नाक तरी उडालं असतं, नाहीतर गाल. हे म्हणाले, पेणला जाऊन दुसरा आणतो.

"दरसाल तीच येते माझ्या घरी," सासूबाई म्हणाल्या. "संध्याकाळी दुसऱ्याच बाईला घरात घेऊ? तू तुझी आय बदलशील?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. त्या पेटीचं ते कुलूप मी किती दुपारी नुसतं बघितलं होतं! चाचांनी सांगितलं म्हणून हात लावला नव्हता. आता जिची पेटी तिनं सांगायला हवं होतं, पण तिला ठाऊकच नव्हतं की कुणाला सांगायचं.

"गंजलंय, खोबरेल घाल," सासूबाई ह्यांना म्हणाल्या. ह्यांनी बाटली उचलली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खोबरेल नको! पिना चिकटतील. शिलाई मशीनचं घाला."

सासूबाईंनी मान वळवली. "पिना? तुला गो काय म्हायती?"

"ते... मी बघू का, आई?" आवाज इतका बारीक निघाला की त्यांना कान पुढे करावा लागला.

"बघ," त्या म्हणाल्या.

मी कापडाची पट्टी आणून उलगडली. सगळी हत्यारं ओळीनं. त्या एकदा पट्टीकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. "हेच तुझे उंदीर," म्हणाल्या.

मशीनचं तेल सोडलं. कुलूप काही माझ्या मांडीवर नव्हतं, पेटीला लटकत होतं. फिरवायची पट्टी जोरात दाबली गेली, सगळं आवळलं. सोडून दिलं. पुन्हा लावलं, पुन्हा आवळलं. सासूबाईंचा श्वास मानेला लागत होता. मी डोळे मिटले आणि ओला शाडू आठवला. डावं बोट हलकं झालं. एक टिक् लागलं. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. मग मागची पिन, मग मधली. पट्टी जराशी पुढे सरकली आणि कडी उडून वर आली.

सासूबाईंनी झाकण उघडलं, साडीच्या घडीतून मुखवटा बाहेर काढला, पदरानं त्याचा गाल पुसला आणि मगच त्यांचे डोळे भरले.

हे म्हणाले, "नवीन कुलूप आणतो. चावीचं."

"कशाला? हेच लाव. चावी तिची ती घेऊन गेली, आता आपल्याला काय करायची?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही हाय ना."

संध्याकाळी गौर आणायला बायका जमल्या. साडी नेसवून झाली, मुखवटा बसला. सासूबाईंनी माझ्या कापडातली ती वळलेली काडी आणि काटकोनातली फिरवायची पट्टी मागून घेतली, लाल दोऱ्यात ओवली आणि गौरीच्या कमरेला अडकवली. एका बाईनं विचारलं, हे काय गो नवीन?

"आमच्या सुनंच्या चाव्या," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून दटावलं, "पाठवणीला आधी काढून घे गो ते."

मी काढून घेतलं. अजूनही दरवर्षी काढून घेते.