लाडू वळतोय तवर

रानात पाय ठेवला की काकू आधी खुरप्यानं वीतभर खोल उकरायच्या. खालची मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळायच्या आणि तो माझ्या हातावर ठेवायच्या. "म्याडम, लाडू वळतोय तवर पाणी न्हाय."

ज्याला शिकवायला जावं आणि शिकूनच परत यावं, असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. मी तेव्हा भूम तालुक्यात नवीकोरी कृषी सहायक होते. कोणत्या पिकाला कितव्या दिवशी पाणी, याचा छापील तक्ता मी पहिल्याच भेटीत काकूंपुढं धरला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "ह्याला आमचं रान ठावं हाय का?" मला राग आला. खरं सांगते, चांगलाच आला.

काकूंचं रान दीड एकर, घरात खाणारी तोंडं सहा. विहीर दिराबरोबर सामाईक, त्यामुळं एक आठवडा यांची पाळी, एक आठवडा त्यांची. काकूंचा हट्ट एकच होता, घरची ज्वारी वर्षभर पुरली पाहिजे. "बाजारातनं कापड आणावं, चप्पल आणावी. भाकर न्हाय आणायची."

त्या वर्षी पावसानं मध्येच पाठ फिरवली. दिवाळीनंतर तक्त्यातला दिवस आला, काकूंची पाळीही आली. मी म्हणाले, पाणी सोडा. काकूंनी माती उकरली. लाडू वळला.

त्यांनी दिराला हाक मारली. "भावजी, ही पाळी तुमच्या कांद्याला घ्या. पर ज्वारी पोटरीत आली की एक पाळी माझी."

पोटरी म्हणजे कणीस अजून पानांच्या आत असतं ते दिवस. तेव्हा पाणी चुकलं की दाणा भरत नाही. दीर हसत हसत कबूल झाले. मी मात्र कपाळाला हात लावला, कारण त्या गावात सोडलेली पाळी परत मागायची रीत नव्हती. काकू निवांत होत्या. रोज कोळपं धरून भेगा बुजवत होत्या. "एक कोळपणी, अर्धं पाणी," म्हणायच्या.

ज्वारी पोटरीत आली. काकूंनी वळलेला लाडू हातातच फुटला. त्या सरळ विहिरीवर गेल्या, मागोमाग मी. विहिरीत एकाच पाळीपुरतं पाणी उरलं होतं. मोटरीच्या पेटीपाशी दीर उभे होते.

"वयनी, माजा कांदा करपंल."

"व्हय. म्हनून एकाआड एक सरीच भिजवते. उरंल ते तुमचं."

त्यांनी विहिरीत एकदा वाकून पाहिलं. मग बटण दाबलं.

काकू आणि मी बारे धरले, म्हणजे पाणी एकेका सरीत वळवत गेलो. पेरतानाच सऱ्या पाडलेल्या होत्या, एक भिजवायची, एक सोडायची. दुपार कलायच्या आत काकूंनी आरोळी ठोकली, "भावजी, घ्या पाणी तुमच्याकडं!" विहिरीत पाणी होतं. काकूंचं काम झालं होतं, तरी होतं!

कणसं अशी भरली की ताटं वाकली. दिरांचा कांदाही तगला. काकूंनी सगळ्या आळीला हुरडा खायला बोलावलं आणि माझा तक्ता मी माझ्या हातानं कणसं भाजायच्या आगटीत घातला. "म्याडम, जपून. हुरडा करपंल," काकू म्हणाल्या आणि सगळे हसले, सगळ्यांत मोठ्यानं दीर. त्या वर्षी काकूंच्या घरात विकतची ज्वारी आली नाही. पुढं कधीच आली नाही.

गेल्या पावसाळ्यात चार दिवसांच्या तापात काकू गेल्या. 

यंदा ज्वारी पोटरीत आल्यावर मी त्यांच्या रानाकडं गेले. पाळी दिरांची होती. ते मात्र काकूंच्या रानात उकिडवे बसले होते, हातात माती. मला बघून त्यांनी मूठ उघडली.

"फुटला, म्याडम. आज आधी वयनीचं रान."

आणि ते मोटर चालू करायला विहिरीकडं निघाले.