फोटोवरचा हार

हवालदार दत्ता शिंदे दोन वर्षांपूर्वी जुलैत सीमेवर गस्त घालताना नदीच्या पुरात वाहून गेले. मृतदेह सापडला नाही. लष्कराच्या नोंदीत ते बेपत्ता आहेत. अशा कुटुंबांची कागदपत्रं लावून देणं हे माझं काम. टपालाने दोनदा परत आलेला निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन त्यांच्या पत्नी शालनवहिनी आणि मी साताऱ्याहून दिल्लीला गेलो.

कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहात खोली मिळाली. नाश्त्याला पोहे होते, वर भुजिया (जाड, तिखट शेव).

"ताई, हे पोहे नव्हेत. चिवडा भिजवलाय," वहिनी म्हणाल्या आणि सगळे संपवले.

निवृत्तिवेतन कार्यालयातल्या बाबूंनी अर्जासोबतचा पती-पत्नीचा फोटो उचलला. "हार है. मतलब एक्सपायर हो गए. डेथ सर्टिफिकेट लगाइए."

गावातला स्टुडिओवाला जवानांच्या फोटोवर आपणहून हार छापतो, मान म्हणून. त्याने दिलेलं फोटोचं पाकीट मी उघडून पाहिलं नव्हतं. 'बेपत्ता' असं लिहिलेले लष्कराचे तीन कागद त्याच फाइलमध्ये होते. मी ते पुढे केले. बाबूंनी पुन्हा फोटोवरच बोट ठेवलं.

"नको म्हटलं होतं मी त्याला," वहिनी म्हणाल्या. "मरणाचा दाखला मी मागणार नाही. मागितला की ह्यांना मीच मारलं."

मी बाबूंना हिंदीत सांगितलं. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "दूसरी फोटो लाइए. पाँच बजे तक. नहीं तो नई तारीख़."

परतीची गाडी त्याच संध्याकाळची होती. रिक्षाने सरोजिनी नगरच्या बाजारातलं फोटोचं दुकान गाठलं. जत्रेतला दोघांचा फोटो वहिनींच्या मोबाइलमध्ये होता.

"भाईसाहब फ़ौजी हैं? वर्दी पहना दूँ?" दुकानदाराने विचारलं.

"जैसा है, वैसा," मी म्हणाले.

त्याने तरीही चेहरा गुळगुळीत केला. डाव्या भुवईवरचा व्रण गेला. अर्जात ओळखीची खूण म्हणून तोच लिहिला होता.

"अरे, दिसायला बरे करायला कुणी सांगितलं होतं?" वहिनी मराठीतच ओरडल्या. तो न विचारता पुन्हा छापायला बसला. अर्धा तास गेला.

परतलो तेव्हा बाबू चहाला गेले होते. ते आले, व्रण पाहिला, खूण जुळवली आणि शिक्का मारला. चार वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

गाडी सुटल्यावर वहिनींनी पोच माझ्याकडून वाचून घेतली. अर्ज स्वीकारला. फोटो एक. पतीची स्थिती : बेपत्ता.